भोंडल्याला चौथे नाव नको

आश्विन जवळ आला की आमच्या घडियाळी पोळीत दोन तयाऱ्या एकदमच सुरू होतात. अंबामातेच्या देवळापुढे गरब्याची, आणि आम्हा मराठी कुटुंबांच्या चौकांतून हत्तीच्या पाटाची. या दोन्ही गोष्टी इतकी वर्षे एकमेकींना न अडविता चालत आल्या आहेत, की त्यांच्याविषयी वर्तमानपत्रात काही लिहावे असे कोणाच्या मनातही आले नसते. परंतु अलीकडे एक वाद उत्पन्न झाला आहे. हा नुसता शब्दाचा वाद आहे असे म्हणून तो सोडून द्यावा, असे मला वाटत नाही. म्हणून चार शब्द लिहिणे अगत्याचे झाले.

वाद असा. भोंडल्याच्या एका निमंत्रणपत्रिकेवर 'मराठी गरबा' असे शब्द छापून आले. छापणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांचे म्हणणे इतकेच की 'भोंडला' हा शब्द आता आपल्याच मुलींना कळत नाही, शेजाऱ्यांना तर नाहीच नाही. गरबा म्हटले की साऱ्या बडोद्याला कळते. यावर वडीलधारी मंडळी रागावली. पण रागावून एका बाजूला आली म्हणावे, तर तेही नाही. साताऱ्याकडून आलेल्या एका घरातील आजी म्हणाल्या, "भोंडला तरी कुठला रे बाबा? आमचा तो हादगा." खानदेशातून आलेल्या एका सूनबाईंनी हळूच भुलाबाईचे नाव काढले. मग एका जाणत्या गृहस्थांनी असे प्रतिपादन केले की गरबा हाच मुळी भोंडल्यापासून निघाला असून मराठ्यांच्या अमलात गुजराथने तो उचलला. लगेच त्यांच्या मित्रांनी उलट सांगितले की भोंडला हीच गरब्याची नक्कल आहे. बैठक संपली तेव्हा नाव काही ठरले नव्हते.

मी संगीताचा शिक्षक. माझे वडील राजवाड्याच्या चाकरीतले गवई होते. घरात नावांविषयीचे वाद मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. मात्र ते रागांच्या नावांचे. त्यांतून मला जे उमजले, ते या प्रसंगी उपयोगी पडेल असे वाटते.

श्रीमंत सयाजीराव महाराजांचा पहिला विवाह १८८० साली तंजावरच्या राजकन्येशी झाला. त्या महाराणी चिमणाबाईंच्या बरोबर तंजावरचे नर्तकींचे पथक आणि त्यांचे साथीदार बडोद्यास आले आणि कलावंत कारखान्यात दाखल झाले. तेव्हापासून उत्तरेकडचे गवई आणि दक्षिणेकडचे कलावंत एकाच दरबाराचे अन्न खात होते. आता, आपण ज्याला मालकंस म्हणतो त्या रागाला दक्षिणेत हिंदोळम् म्हणतात. स्वर तेच पाच. आमच्याकडचा गवई मालकंस म्हणेल, तंजावरकर हिंदोळम् म्हणतील. दोघे आपापल्या चालीने गातील, आणि ऐकणाऱ्याचे काहीच बिघडणार नाही. परंतु आपल्याकडे हिंडोल म्हणूनही एक राग आहे. त्यात तीव्र मध्यम लागतो आणि गंधार, धैवत, निषाद सारे शुद्ध. मालकंसात तेच तिन्ही स्वर कोमल आणि मध्यम शुद्ध. नाव जवळजवळ एक, वस्तू मात्र अगदी निराळी. नावावर विसंबून एकाने हिंडोल धरला आणि दुसऱ्याने हिंदोळम्, तर मैफलीचा विचकाच व्हायचा.

एका वस्तूला दोन नावे असणे आणि दोन वस्तूंना एकच नाव असणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे यावरून ध्यानात यावे. पहिलीने कोणाचे नुकसान होत नाही; उलट त्या नावांतून वस्तू कुठे कुठे राहून आली ते समजते. दुसरीने मात्र दोहोंपैकी एक वस्तू नाहीशी होते, आणि बहुधा ती दुबळी असते तीच.

गाणे ज्यांना परके आहे त्यांनी स्वयंपाकघरात पाहावे. बेसन ताकात शिजवून, थाळ्यावर पसरून, गुंडाळून जी वडी होते तिला आपण सुरळीची वडी म्हणतो आणि समोरच्या घरातील बा खांडवी म्हणतात. यात भांडण नाही, वडी एकच. परंतु कोकणातून आलेल्या घरी खांडवी म्हणजे तांदळाच्या रव्याची, गुळाची, वर खोबरे पेरलेली गोड वडी. आता खिरापत ओळखताना "खांडवी!" असे कोणी म्हटले, तर ती तिखट समजावयाची की गोड? बडोद्याच्या भोंडल्यात असा प्रश्न पडू शकतो आणि मुली त्यावर खुशाल भांडू शकतात. मात्र उद्या सर्वांनी ठरविले की खांडवी म्हणजे फक्त बेसनाची, तर गुळाची खांडवी करणारी आजी काय करते आहे, हे तिच्या नातीलाही सांगता येणार नाही.

आता हादगा, भोंडला आणि भुलाबाई ही तीन नावे घेऊ. साधारणपणे पुण्याच्या बाजूला भोंडला, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे हादगा आणि खानदेश-विदर्भात भुलाबाई. खानदेशात गुलाबाई असेही म्हणतात. बडोद्यातली आपली घराणी एका गावाहून आलेली नाहीत. कोणी गायकवाडांच्या फौजेबरोबर आले, कोणी फडनिशीसाठी, कोणी भिक्षुकीसाठी, तर कोणी महाराजांच्या काळी शिक्षक किंवा वैद्य म्हणून. प्रत्येकाने येताना आपल्या गावचे नाव बरोबर आणले. गायकवाडांनी १७३४ साली बडोदे कायमचे घेतले, त्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. इतक्या काळानंतरही एका पोळीत या खेळाची दोन-तीन नावे ऐकू येतात, याचा अर्थ आपल्या स्त्रियांनी ती जपली. त्यांतले खरे कोणते, असे विचारणे म्हणजे साताऱ्याची वाट खरी की जळगावची, असे विचारण्यासारखे आहे.

शिवाय ही तीन नावे नुसती तीन लेबले नाहीत. त्यांच्या पोटात तीन निरनिराळ्या कालगणना आहेत. हादगा सूर्याच्या हिशेबाने चालतो. सूर्य हस्त नक्षत्रात शिरला की हादगा बसावयाचा. तो दिवस दर वर्षी २७ सप्टेंबरच्या आसपास येतो. हादगा सोळा दिवसांचा. पहिल्या दिवशी एक गाणे, सोळाव्या दिवशी सोळा. भोंडला बहुतेक घरी घटस्थापनेला बसतो, म्हणजे तो तिथीच्या, चंद्राच्या हिशेबाने चालतो. तेथे नऊ दिवस आणि नऊपर्यंत गाणी. भुलाबाई भाद्रपदी पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीला उठते; म्हणजे पुरता एक महिना. तिच्यात शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती असतात, भुलोबा आणि भुलाबाई म्हणून.

कधी हे हिशेब एकमेकांत मिसळतात, कधी मिसळत नाहीत. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला आली आणि दसऱ्यापूर्वीच सूर्य हस्तात शिरला. हादगेकरांना आणि भोंडलेकरांना एका पाटाभोवती फेर धरता आला. २०२३ साली मात्र घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती. तोवर हस्त संपून चित्रा लागले होते. हादगा म्हणणारी आजी त्या वर्षी खेळ लवकर संपवून बसली असेल आणि भोंडला म्हणणाऱ्या घरी तो अजून सुरूही झाला नसेल. दोघींपैकी चुकले कोणीच नाही. एकीने पावसाकडे पाहिले, दुसरीने देवीच्या घटाकडे.

हत्ती आला तोही नावातूनच. हस्त म्हणजे हात. आकाशातील त्या पाच ताऱ्यांचा आकार पंजासारखा दिसतो म्हणून ते नाव. आणि ज्याला सोंडेच्या रूपाने हात आहे तो हस्ती, म्हणजे हत्ती. लोकांनी हस्त नक्षत्राचा हत्ती केला, त्याच्या पावसाला हत्तीचा पाऊस म्हटले आणि पाटावर तांदळाने किंवा रांगोळीने हत्ती काढून त्याच्याभोवती मुली फिरू लागल्या. हा पाऊस जाता जाता पडतो. रब्बीची ओल त्याच्यावर. याच दिवसांत अगस्त्याच्या झाडाला कोयरीसारखी वाकडी फुले येतात. त्या झाडालाही आपल्याकडे हादगा म्हणतात आणि त्या फुलांची भाजी करतात. म्हणजे हादगा या एका शब्दात नक्षत्र, पाऊस, झाड आणि खेळ एकत्र नांदतात.

आणि आता गंमत पाहावी. आपला हा हत्ती नर्मदेच्या अलीकडेही आहे. बडोदे जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या पाटीदार शेतकऱ्याला विचारा. तो या नक्षत्राला हस्त म्हणत नाही, 'हाथियो' म्हणतो. हाथियो गरजला, हाथियो बरसला, असे तो बोलतो. म्हणजे पाटावरचा जो हत्ती आपल्याला अगदी मराठी वाटतो, तो गुजराथी शेतकऱ्याच्या आभाळातही उभा आहे. ढगाला सरहद्द ठाऊक नसते.

यावरून मूळ कोणाचे, या वादाकडे वळावे. भोंडल्यातून गरबा निघाला म्हणणारे आणि गरब्यातून भोंडला निघाला म्हणणारे या दोघांनाही मी एक जुना ग्रंथ दाखवू इच्छितो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. नृत्याच्या अध्यायात तो लास्याची परंपरा सांगतो. पार्वतीने लास्य बाणासुराच्या कन्येला, उषेला शिकविले. उषेने ते द्वारकेच्या गोपींना शिकविले. त्यांनी सौराष्ट्राच्या स्त्रियांना, आणि त्यांच्याकडून ते देशोदेशीच्या स्त्रियांत पसरले. आजही गरब्याचे मूळ सांगताना गुजराथी विद्वान ही कथा सांगतात. ही कथा म्हणजे इतिहास नव्हे, हे उघड आहे. पण ती कोणी लिहिली ते पाहा. लेखकाचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, लेखक देवगिरीच्या मराठी मुलखात राहणारा, ग्रंथाची भाषा संस्कृत, आणि त्यात गौरव सौराष्ट्राच्या स्त्रियांचा. त्याला यात काही कमीपणा वाटला नाही. सातशेहून अधिक वर्षांनंतर आपण मात्र मालकीचा दाखला मागत बसलो आहोत.

एवढे मात्र निश्चित की गायकवाडांची स्वारी येण्यापूर्वी गुजराथला देवीचे आणि कृष्णाचे गाणे ठाऊक होते; आख्यानकार प्रेमानंद हा सतराव्या शतकातला, आणि तो बडोद्याचाच. तेव्हा मराठ्यांनी गुजराथला फेर धरावयास शिकविले, हे म्हणणे टिकणारे नाही. त्याचप्रमाणे ज्या कोल्हापूर-साताऱ्याकडे गरबा कोणी पाहिलाही नव्हता, तेथल्या खेड्यांतील मुली हादगा खेळत आल्या. तेव्हा ती नक्कल आहे, हेही टिकत नाही. आश्विनाच्या सुमारास मध्ये काही ठेवून भोवती स्त्रियांनी फिरावयाचे, ही रीत फार मोठ्या मुलखात पसरलेली आहे. तेलंगणात बायका फुलांची चळत रचून तिच्याभोवती बतुकम्मा खेळतात. नवे राज्य झाल्यावर २०१४ साली तेथील सरकारने त्या सणाला राज्याचा सण म्हणून जाहीर केले. माळव्यात पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाची संजा मांडून तिची गाणी म्हणतात. ही सारी एका कुळातली भावंडे असतील. पण भावंडांना एकमेकांच्या नावाने हाक मारीत नाहीत.

गरबा आणि भोंडला यांत फरक तो काय, असे तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गाण्याच्या अंगाने देता येते. गरबो म्हणजे भोके पाडलेली मातीची घागर आणि तिच्या पोटात दिवा, गर्भातला दीप. त्याच्याभोवती जे गातात ते मातेला उद्देशून. गाणारणीचे हात मोकळे असतात आणि टाळी हाच ताल असतो. दोन टाळीचा गरबा, तीन टाळीचा गरबा. खाली ढोलावर हींच, म्हणजे सहा मात्रांचा झोका, नाहीतर केरवा. एकीने गाऊन द्यावयाचे, बाकीच्यांनी झेलावयाचे. चाल लांबवता येते, लय चढवता येते. चांगल्या गरब्यात शेवटी ती चढतेच.

भोंडल्यात हात मोकळे नसतात. मुली एकमेकींचे हात धरून फेर धरतात, म्हणून तेथे टाळी नाही. ताल सगळा पायांत. गाणी बहुतेक तीन-चार स्वरांत फिरणारी, क्वचित पाचव्यापर्यंत जाणारी. एक ओळ म्हणावयाची, मग तीच ओळ एक शब्द बदलून पुन्हा, आणि अशी साखळी लांबवीत न्यावयाची. त्यामुळे पाच वर्षांची पोरसुद्धा दुसऱ्या फेरीला गाऊ लागते. लय चढवावयाची नसते. चढविली तर हात सुटतात. सुरुवातीला गणपतीला वंदन होते खरे, पण पुढची गाणी देवीची नाहीत. ती सासू, नणंद, दीर, माहेर, माहेरचा वैद्य आणि सासरचा वैद्य यांची. सुनेने माहेरी जाण्याची परवानगी मागावी आणि सासूने आज कारल्याचे बी पेर, उद्या वेल येऊ दे, मग भाजी होऊ दे, असे म्हणत तिला थांबवून ठेवावे, ही कथा ज्या गाण्यात आहे ते प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. जे सुनेला स्वयंपाकघरात बोलता येत नव्हते, ते ती पाटाभोवती दहा जणींच्या तोंडून बोलून घेत होती. गरबा ही आराधना आहे आणि भोंडला ही बायकांची आपापसातील बोलाचाली आहे. दोन्ही चांगल्या, परंतु एक नव्हेत.

म्हणूनच पत्रिकेवर नाव बदलले तेव्हा नुसते नाव बदलून भागले नाही. मी तेथे गेलो होतो. गरबा म्हटला म्हणून ध्वनिक्षेपक आला आणि त्यावर तयार गाणी. ढोलाचा ताल हींचचा होता. पायी चालण्याच्या लयीतली गाणी त्यात बसेनात, म्हणून ती ओढून बसविली. गरबा म्हटला म्हणून मुलींनी हात सोडले आणि टाळ्या वाजवावयास आरंभ केला. फेर मोठा झाला, वेग वाढला, आणि परकरातल्या लहान मुली बाहेर पडून आयांच्या मांडीवर जाऊन बसल्या. मध्ये पाट असता तर पाय लागला असता, म्हणून हत्ती भिंतीपाशी सरकविला. शेवटी खिरापत आली ती कागदी खोक्यांतून, आणि खोक्यावर आतल्या पदार्थाचे नाव छापलेले. ओळखावयाचे काही उरलेच नाही. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. मंडळींनी पत्रिकेवर जे छापले होते तेच प्रामाणिकपणे करून दाखविले, इतकेच.

ही तक्रार केवळ आपलीच आहे असे समजू नये. आमच्या पोळीतल्या गुजराथी शेजाऱ्यांना विचारा. मुंबईकर मंडळी सरसकट साऱ्या नवरात्राला 'दांडिया' म्हणतात तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडते. दांडिया हातात घेऊन खेळतात तो रास. टाळीचा तो गरबा. शिवाय मोठमोठ्या मैदानांवर तिकिटे काढून जो होतो तोही गरबाच म्हणवितो, म्हणून पोळीतल्या जुन्या खेळाला आता 'शेरी गरबा' असे वेगळे नाव घ्यावे लागले. अंबामातेपुढे पुरुषांनी गरबा खेळण्याची आमच्याकडची रीत जुनी आहे. ती पाहावयास लांबून माणसे येतात आणि 'पुरुषांचा गरबा असतो का?' असे विचारतात. एका शब्दाखाली सारे कोंबले की आतल्या निरनिराळ्या वस्तू दिसेनाशा होतात, हे दुःख त्यांनाही आहे. आपण भोंडल्याला गरबा म्हणू लागलो तर त्यांच्या शब्दावर आणखी एक ओझे घालू, आणि आपला शब्द गमावून बसू. दोघांचेही हित त्यात नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत 'गुजराथचा गरबा' नोंदविला. त्या वेळी आपल्यापैकी काहींना थोडे लागले. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही याच पोळीत गरब्यात फिरलो आणि नाव मात्र गुजराथचे, असे ते म्हणाले. मला त्यात लागण्यासारखे काही दिसत नाही. गुजराथचा म्हणजे या भूमीवर जो चालतो तो. आणि आपण या भूमीवर राहतो. यादीत नाव आले म्हणजे मालकी ठरली, असा त्या नोंदीचा अर्थही नाही. आपली मुलगी सायंकाळी हत्तीभोवती फिरते आणि रात्री अंबामातेच्या चौकात गरबा पाहावयास जाते, हेच तर बडोदेकर मराठी माणसाचे वैशिष्ट्य आहे. तिला दोन खेळ येतात. दोहोंचे एक नाव केले तर तिला एकच येईल.

आता दुसऱ्या पक्षाचे खरे म्हणणे टाळून चालणार नाही. 'भोंडला' म्हटले तर मुली येत नाहीत, असे ते म्हणतात. आणि ते खोटे नाही. आपल्या मुलांच्या शाळा गुजराथी किंवा इंग्रजी. नणंद, वन्सं, भाऊजी हे शब्द त्यांच्या कानांवर येतात, पण वेणी, तांबूल, सोपा, माजघर हे येत नाहीत. गाण्याचा अर्थ कळला नाही तर फेरात पाय रमत नाही. परंतु हा रोग नावाचा नाही. आणि म्हणून त्याला औषधही नावाचे नको. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना मी गेली काही वर्षे हस्ताच्या दिवसांत अशी दोन-तीन गाणी सांगतो. सांगण्यापूर्वी त्यांतली गोष्ट सांगतो. सासूने कारल्याच्या वेलाचे निमित्त कसे केले, हे ऐकून गुजराथी मुलीही खळखळून हसतात आणि पुढच्या खेपेस स्वतःच मागणी करतात. शब्द अवघड म्हणून वस्तू टाकावयाची, हा न्याय लावला तर ख्यालाच्या निम्म्या चिजा सोडाव्या लागतील.

उलट, हादगा की भोंडला यावर अडून बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही माझी नम्र विनंती आहे. नावाचा हट्ट धरावा, पण त्याबरोबर गाणीही द्यावीत. त्या बैठकीत नावावर बोलणाऱ्या पंधरा जणींपैकी नऊ दिवसांची नऊ गाणी सलग म्हणू शकणाऱ्या मला चारच आढळल्या. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्रात गावोगावची लोकगीते गोळा करविली, तेव्हा कित्येक गाणी छापली गेली. परंतु छापलेल्या शब्दांत चाल येत नाही. आणि बडोद्याच्या चौकांत पिढ्यान्‌पिढ्या राहून ज्या चाली थोड्याशा वळल्या, ज्यांत गुजराथी शब्द येऊन बसले, त्या तर कोणत्याच संग्रहात मिळावयाच्या नाहीत. त्या फक्त आपल्या घरच्या आत्या-आजींच्या गळ्यांत आहेत.

याच शहरात १८८६ साली महाराजांनी गायनशाळा काढली आणि मौलाबक्षांनी स्वरलिपी तयार करून गाणे कागदावर उतरविले. याच शहरात १९१६ साली भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि आपापली विद्या जपून ठेवणारे गुणिजन एका मंडपात येऊन बोलले. त्या गावाला पन्नास-साठ भोंडल्याची गाणी उतरवून ठेवणे जड जाऊ नये. यंदा दसऱ्यापर्यंत मी पोळीतल्या आणि आसपासच्या घरी जाऊन हे काम करण्याचे योजिले आहे. प्रत्येक गाण्यापुढे ते सांगणाऱ्या घराचे मूळ गाव आणि त्या घरी खेळाला काय म्हणतात, हे लिहून घेणार आहे. हादगा असेल तर हादगा, भुलाबाई असेल तर भुलाबाई. ज्या बायाबापड्यांना गाणी येतात त्यांनी आवाज बसला आहे म्हणून संकोच करू नये. चार स्वरांच्या गाण्याला आवाज लागत नाही, आठवण लागते.

पत्रिकेचे म्हणाल तर माझी सूचना साधी आहे. पोळीच्या सामायिक खेळाला 'भोंडला' म्हणावे, कारण येथे बहुसंख्य घरी तोच शब्द आहे. त्याच्या खाली 'काही घरी हादगा, काही घरी भुलाबाई' असे बारीक अक्षरांत छापावे, म्हणजे कोणाचेच नाव पुसले जाणार नाही. शेजाऱ्यांसाठी गुजराथीत दोन ओळी लिहाव्यात: हाथियो नक्षत्राच्या हत्तीभोवती मराठी मुलींचा हात धरून गाण्याचा खेळ, आणि शेवटी खाऊ ओळखावयाचा. एवढे वाचून कोणत्याही बेनला समजेल आणि ती आपल्या मुलीला पाठवील. वेळ सायंकाळी सहाची ठेवावी. मातेच्या आरतीच्या आत पाट उचलावा, म्हणजे गरब्याला जाणाऱ्यांची अडचण होणार नाही. हत्ती मध्ये असावा, हात धरलेले असावेत आणि खिरापतीवर झाकण असावे.